टोपलीखालचा दगड

किफ्त गावच्या माणसाला जमिनीखालचं दिसतं, असं नाईलकाठची माणसं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? दिसतबिसत काही नाही. आजा खणत आला, बाप खणत आला, म्हणून नातू खणतो. तीन पिढ्या एकाच कामात हात घासले की हाताला आपोआप कळायला लागतं, कुठली वाळू वाऱ्यानं आणली आणि कुठली माणसानं टाकली. किफ्तचा रईस, म्हणजे खोदकामावरचा मुकादम, थापीचं टोक जमिनीत दोन बोटं घालतो आणि सांगतो, "इथं भिंत आहे." आणि तिथं भिंत असते.

रईस शाझली हा अशांतला. वय त्रेपन्न, उंच, सडपातळ, डोक्याला पांढरं मुंडासं, हातात बापाची काठी. आवाज चढवायची त्याला गरजच पडत नसे. परदेशातले मोठमोठे पंडित त्याला विचारल्याशिवाय खड्ड्याची दोरी हलवत नसत. गावात लग्न जुळवायचं असो की पाटाच्या पाण्याचं भांडण मिटवायचं असो, शाझलीला बोलावणं ठरलेलं, कारण रईसाचा शब्द म्हणजे शब्द. एवढा मान असून हा माणूस मशिदीत कायम शेवटच्या रांगेत उभा राहत असे. लोक म्हणत, काय हा नम्रपणा! नम्रपणा कसला? पुढं उभं राहायची त्याची छाती होत नव्हती.

त्याचं सगळं नाव झालं ते अबिदोस या जुन्या तीर्थातल्या एका वास्तूमुळं. अराबा गावाच्या पश्चिमेला, जिथं शेतं संपून वाळू सुरू होते, तिथं कच्च्या विटांच्या चार भिंती उभ्या आहेत. गावकरी तिला 'आईचं घर' म्हणतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वी एका राजानं आपल्या आईसाठी ती बांधली, असं पुस्तकं सांगतात. आईचं थडगं तिकडं लांब दक्षिणेला, डोंगराच्या पोटात. पण मेलेल्यांचा राजा ओसिरिस तो अबिदोसचा. त्याची जत्रा इथं भरायची, त्याच्या पंगती इथं उठायच्या. त्या पंगतीत आपल्या आईलाही पान मिळावं म्हणून लेकानं इथं तिच्या नावाचं घर बांधलं. त्या काळची रीतच ती. देह कुठंही पुरा, नाव अबिदोसला पाहिजे.

आणि हे सगळं कशावरून ठरलं? एका दगडावरून. वीतभर रुंद चुनखडीचा तुकडा. त्यावर खुर्चीत बसलेली बाई, नाकाशी कमळ धरलेलं, समोर तिचा मुलगा भाकऱ्यांचं ताट घेऊन उभा. खाली ओळ कोरलेली: 'तिच्या मुलाने हे केले, तिचे नाव जिवंत राहावे म्हणून.' दगड आता कैरोत काचेच्या कपाटात आहे. तो ज्या भिंतीच्या पायथ्याशी सापडला ती भिंत आईच्या घराची, हे उघडच आहे. अराब्याच्या बायका अजूनही आपल्या गेलेल्या आयांची आठवण आली की उन्हात फुगवलेली भाकरी घेऊन तिथं जातात, तुकडा ठेवतात, थोडं रडतात आणि हलक्या होऊन परत येतात.

घरात खणताना राख निघाली होती, खूप राख, आणि भाकरी भाजायचे मातीचे साचे तर ढिगानं. पंडितांनी लिहिलं, आईला ताजी भाकरी मिळावी म्हणून देवळातच भट्टी होती. हे वाक्य कुणी वाचून दाखवलं की शाझली उठून बाहेर जात असे. देवळात भट्टी नव्हती. ती नुसती भट्टीच होती, भटारखाना. आणि त्या भटारखान्यात राजाच्या आईला नेऊन बसवलं होतं ते शाझलीनं, स्वतःच्या हातानं.

हे सत्तावीस वर्षं त्याच्याखेरीज कुणालाही माहीत नव्हतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी काम सुटता सुटता डॉक्टर सुहैर त्याच्याकडं आली. ही सोहागची मुलगी, सरकारी पुरातत्त्वाची तिथली अधिकारी. पायात पुरुषी बूट, बोलणं तोफेसारखं, पण रईसाला काका म्हणायची.

"काका, तुमची पाटी आली. संगमरवराची आहे, पाहून डोळे दिपतील. पुढच्या महिन्यापासून आईचं घर पर्यटकांना उघडायचं. खाली लिहिलंय, 'शोधकर्ता रईस शाझली बखीत.' परदेशी साहेबाचं नाव तुमच्या खाली टाकलंय मी, मुद्दाम!"

"माझं नाव कशाला, पोरी?"

"घ्या! लोक नावासाठी जीव टाकतात आणि तुम्हाला आलेलं नको. बरं, दुसरं एक. बसगाड्या कुठं उभ्या करायच्या, तेही ठरलं. तो उत्तरेकडचा उंचवटा सपाट करायचा. रविवारी यंत्र येतंय."

शाझलीच्या हातातली काठी वाळूत रुतली. "कुठला उंचवटा?"

"तो हो, जुन्या मोसमात तुम्ही एक खड्डा घेऊन सोडून दिलात तो. जुन्या वहीत स्पष्ट लिहिलंय, काही नाही म्हणून. माझी सही झाली की झालं. का? काही आहे का तिथं?"

चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, हिला कळलं. पण सुहैर नुसतीच विचारत होती, पेन कानामागं खोचून, सरळ डोळ्यांनी.

"नाही," शाझली म्हणाला. "काही नाही."

तो तिसरा खोटा शब्द. पहिले दोन कुठले, ते आता सांगायला हवं.

सत्तावीस वर्षांपूर्वी तिथं रईस होता शाझलीचा बाप, बखीत. शाझली आणि दंदरावी हे त्याच्या हाताखालचे दोन उमदे गडी. दोघे किफ्तचे, एका ताटात जेवणारे, एका कांबळ्याखाली झोपणारे. थापी दोघांची सारखीच चाले. खरं सांगायचं तर दंदरावीची जरा जास्त हलकी चाले, आणि हे बखीतला माहीत होतं, शाझलीलाही माहीत होतं, आणि तिथंच कुठंतरी किडा पडला होता.

त्या मोसमात बखीतनं परदेशी साहेबाला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "या चार भिंतींत राजाचं नाव निघेल. नाही निघालं तर काठी तुमच्यापुढं ठेवीन." दोन महिने खणून राखेशिवाय काही निघालं नाही. साहेब जेवताना हसून विचारायचा, "रईस, काठी कधी देता?" इतर हसायचे. बखीत हसायचा नाही. खड्डा होता शाझलीकडं. बापाचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललेलं तो पाहत होता, आणि मोसम संपायला चार दिवस उरले होते.

त्या गुरुवारी दंदरावी उत्तरेच्या उंचवट्यावर एकटाच खड्डा साफ करत होता. सुटीची शिट्टी व्हायच्या आधी त्याच्या थापीला दगड लागला. कामाची रीत अशी की सापडलेली वस्तू उचलायची नाही. पुन्हा वाळू लोटायची, वर टोपली पालथी घालायची आणि रईसाला सांगायचं. रईस साहेबाला आणणार, मग मोजमाप, चित्र, आणि मगच वस्तू जागची हलणार. बखीत म्हणायचा, "हललेली वस्तू मुकी होते रे. जागेवर असेपर्यंतच बोलते." पण साहेब त्या दिवशी सोहागला गेलेला, बखीत त्याच्याबरोबर, आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दंदरावीनं वाळू लोटली, टोपली पालथी घातली आणि शनिवारची वाट पाहायचं ठरवलं. सांगितलं फक्त एकाला. कुणाला सांगणार? एका ताटातल्या माणसाला.

शुक्रवारी सगळी माणसं जुम्म्याच्या नमाजेला मशिदीत गेली. शाझली पोट दुखतं म्हणून मागं राहिला. टोपली उचलली, दगड मुंडाशात गुंडाळला आणि तीनशे पावलं चालून बापाच्या भिंतीच्या पायथ्याशी पुरला. पुरला तोही कसा! एक थर राख, एक थर वाळू, मधे विटांचा चुरा, पाणी शिंपडून दाबलेला, वर पुन्हा कोरडी वाळू. साडेतीन हजार वर्षांनी जे केलं असतं ते त्यानं एका नमाजेच्या वेळात केलं. कारागीर खराच. जन्मात इतकं सुबक काम त्यानं पुन्हा कधी केलं नाही.

शनिवारी दगड 'सापडला'. बखीत गुडघ्यावर बसला आणि रडला. साहेबानं त्याला मिठी मारली. आणि उत्तरेकडून दंदरावी धावत आला, ओरडत, "चोर! चोर! तो माझा दगड आहे!"

साहेबानं थर तपासले. थर बोलत होते की दगड इथलाच. मग बखीतनं कुराण आणवलं. शाझलीनं हात ठेवून शपथ घेतली: मी जागेवरून काही हलवलं नाही. दंदरावीनंही शपथ घेतली: दगड माझ्या खड्ड्यात होता. दोन शपथा, एक दगड. बखीतनं सर्वांदेखत दंदरावीच्या कानशिलात मारली. "हाव सुटली म्हणून देवाच्या ग्रंथावर खोटं बोलतोस?" त्याच दुपारी दंदरावीचं गाठोडं गाडीत टाकलं गेलं. किफ्तच्या कुठल्याही रईसानं त्याला पुन्हा थापी धरू दिली नाही. ज्याचा जागेबद्दलचा शब्द खोटा, त्याच्या हाती जमीन कोण देणार? तो उसाच्या गाड्यांवर गेला. छोट्या रुळांवर उसाचे डबे एकमेकांना जोडायचं काम, चोवीस वर्षं. त्यात दोन बोटं गेली.

आणि बखीत मरताना काय म्हणाला? "दंदरावीला मी मारलं होतं. त्याची आई दारात येऊन रडली होती रे. बरोबरच केलं ना मी?" शाझलीनं बापाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बरोबरच केलंत, बाबा." हे दुसरं खोटं. पहिल्याहून हलकं नव्हतं ते.

तर असा हा रईस शुक्रवारी घरी किफ्तला आला. जेवण गेलं नाही. बायको बहिय्यानं मुलुखियाच्या पालेभाजीची वाटी परत उचलली आणि म्हणाली, "मोसम संपत आला की तुमचं हे असंच. कुणाची नजर लागते कोण जाणे." इतक्यात दारात कुणीतरी खाकरलं.

दंदरावी उभा होता. पांढरीशुभ्र पायघोळ गलाबिया, नवी टोपी, दाढी कोरलेली. सत्तावीस वर्षांत त्यानं या उंबरठ्यावर पाय ठेवला नव्हता. रस्त्यात गाठ पडली तर तो दुसऱ्या कडेनं जाई. शाझलीला वाटलं, आता हा बोलणार. सगळं संपलं. आणि खरं सांगायचं तर त्याला क्षणभर बरंच वाटलं.

"सलाम अलैकुम, रईस. आत येऊ का हाकलून देतोस?"

"ये. ये ना. बस."

"बसतो, पण चहा आधी नको. आधी बोलतो, मग चहा द्यावासा वाटला तर दे." दंदरावी बाकाच्या कडेवर बसला, परक्यासारखा. "हजच्या सोडतीत माझं नाव निघालं. बुधवारी निघायचंय."

"मुबारक! देवानं बोलावलं तुला."

"बोलावलं खरं. पण जाणाऱ्यानं आधी ज्याचं ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन माफी मागायची, तुला माहीत आहे. गेले आठ दिवस गाव हिंडतोय. कुणाला शिवी दिलेली, कुणाचं गाढव मारलेलं. मेहुण्याकडं तर दोनदा गेलो, त्याची यादी संपेना." तो हसला, आणि हसू मधेच थांबलं. "तुझं दार शेवटचं ठेवलं. सगळ्यांत जड होतं म्हणून."

शाझली त्याच्याशेजारी येऊन बसला.

"तुला मी चोर म्हणालो. सगळ्या गड्यांसमोर, तुझ्या बापासमोर. कुराणावर खोटी शपथ घेतली. मला माफ कर, शाझली."

"खोटी?" शाझली म्हणाला.

"नाहीतर काय? अरे, पहिली पाच-सहा वर्षं मीही म्हणायचो, माझंच खरं. रात्रंदिवस. बायको म्हणे वेड लागेल. मग विचार करायला लागलो. साहेब म्हणतो दगड तिथला, वाळू म्हणते तिथला, पुस्तकं म्हणतात तिथला, आणि रईस बखीतसारखा देवमाणूस म्हणतो मी खोटा. एवढे सगळे चुकणार आणि एकटा दंदरावी बरोबर? त्या साली मला काहीतरी सापडावं म्हणून मी इतका झुरत होतो की मनानंच रचलं असणार. साधा दगड लागला असेल, मी त्यावर बाई पाहिली. तुझ्या हातात तो पाहिला आणि मत्सरानं पेटलो. सैतान दुसरं काय करतो?" त्यानं तुटक्या बोटांचा हात कपाळावरून फिरवला. "एकच कोडं सुटत नाही. दगडाला ओरखडा पडू नये म्हणून टोपलीखाली मी माझी टोपी पसरली होती, आईनं विणलेली. ती मला परत सापडली नाही. असो. हरवली असेल कुठंतरी. तर, माफ करतोस?"

आता बोलायचं, असं शाझलीनं ठरवलं. तोंड उघडलं. आणि तोंडातून शब्द आले ते हे: "माफ केलं. देव तुलाही माफ करो."

ज्याला लुटलं त्यालाच माफ केलं! आजवर चोरांनी खूप काही केलं असेल, पण हे? दंदरावी उठला, त्यानं शाझलीच्या मस्तकाचं चुंबन घेतलं. रडत होता तो, लहान मुलासारखा, नाक पुसत. "तुझा बाप मोठा होता, तू त्याच्याहून मोठा निघालास." मग चहा झाला, तीन चमचे साखर घालून, आणि तो हलक्या पावलांनी गेला.

बहिय्या आतून आली, डोळे पुसत. "किती मोठं मन तुमचं, रईस."

"गप्प बस," शाझली म्हणाला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला असं कधी म्हटलं नव्हतं. मग तिथंच जमिनीवर बसून त्यानं तिला सगळं सांगितलं.

तिनं आधी दार लावून घेतलं. नंतर बोलली ती व्यवहाराचं. "आता सांगून कुणाचं भलं? मामंजी गेले. मेलेल्या माणसाला खोटं पाडणार का? तुमच्या जिवावर बारा घरं कामाला जातात. आणि तो बिचारा सुखानं चाललाय, माफी मिळाली म्हणून. त्याची झोप कशाला मोडता? तुम्हाला हलकं व्हायचंय, म्हणून त्याच्या डोक्यावर ओझं द्यायचं?"

यात खोटं एक अक्षर नव्हतं. हेच सगळं शाझलीनं स्वतःला सत्तावीस वर्षं सांगितलं होतं. पण दंदरावीनं त्याच्या कपाळाला ओठ लावले होते ती जागा चटका बसल्यासारखी जळत होती. माणसाची नोकरी चोरली, अब्रू चोरली, इथवर त्यानं कसंबसं गिळलं होतं. त्याचे डोळे चोरले हे त्याला आज कळलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानून तो माणूस आता देवाच्या दारात न केलेल्या पापाची माफी मागणार होता.

सूर्य अजून कासराभर वर होता. शाझली काठी न घेताच निघाला.

दंदरावीच्या घराच्या भिंतीला पांढरा हात देणं चाललं होतं. त्यावर हजच्या रीतीप्रमाणं विमान आणि काबा रंगवायचा. दंदरावी शिडी धरून उभा होता आणि वरच्या जावयाला शिव्या देत होता. "अरे, चुना भिंतीला लाव, माझ्या दाढीला नको!" शाझलीला पाहून तो उजळला. "रईस! लगेच परतभेट?"

"टोपी मी जाळली," शाझली म्हणाला.

शिडीवरचा जावई थांबला.

"पांढरी होती. कडेला निळा दोरा होता. दगडावर पसरलेली. मी दगड उचलला, टोपी खिशात घातली आणि संध्याकाळी गड्यांच्या भाकरीच्या भट्टीत टाकली. दगड तुझ्याच खड्ड्यात होता, दंदरावी. तुझं सगळं खरं होतं."

दंदरावीनं शिडी सोडली नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून तो उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "तोंड वर होतं का खाली?"

"वर. डावा कोपरा जरा उचललेला."

"डावा कोपरा," दंदरावी म्हणाला. "विटेवर टेकलेला."

"हो."

"म्हणजे मी वेडा नव्हतो."

"नव्हतास."

"माझी आई मेली रे मला खोटा समजून." हे तो ओरडला नाही. ओरडला असता तर शाझलीला सोसलं असतं. "आणि आत्ता, दुपारी, मी तुझ्या डोक्याचं चुंबन घेतलं. आणि तू घेऊ दिलंस!"

शाझली पायाशी बसायला गेला, तसा तो मागं सरला. "ऊठ. माझ्या दारात नाटक नको. मला एकट्याला सांगून मोकळा होतोस होय? शपथ इथं घेतली होतीस का? जिथं घेतलीस तिथं मोड. त्याच माणसांसमोर. जी जिवंत आहेत त्यांच्यासमोर."

शनिवारी पहाटेच्या गाडीत किफ्तचे बारा गडी आणि तेरावा दंदरावी. एरवी गाणी म्हणत जाणारी गाडी अराब्यापर्यंत मुकी गेली.

सुहैर कागद घेऊन उंचवट्यावर उभी होती. शाझली तिच्यासमोर गेला, मुंडासं काढून हातात घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. काहीही राखून ठेवलं नाही. नमाज चुकवली ते, थर लावले ते, कुराणावर हात ठेवला ते, बापाला मरताना फसवलं ते, आणि परवा सुहैरला 'काही नाही' म्हटलं तेही. गड्यांमध्ये दोन म्हातारे त्या दिवशीचे होते. त्यातला एक वाळूत थुंकला आणि पाठ करून उभा राहिला.

सुहैरचा चेहरा पांढरा पडला. "काका, तुम्हाला कळतंय का? तीन पुस्तकं आहेत यावर. माझा प्रबंध आहे! मी लिहिलंय की आईसाठी देवळात भट्टी..." तिनं हातातल्या सहीच्या कागदाकडं पाहिलं. मग ती एकदम चिडली. "आणि उद्या यंत्र आलं असतं तर? तिच्या खऱ्या घरावर बसगाड्या उभ्या राहिल्या असत्या, जन्मभर!"

"हो," शाझली म्हणाला.

"जागा दाखवा."

शाझली वीस पावलं चालला आणि थांबला. "इथं."

"इथं नाही," मागून दंदरावी म्हणाला. तो पुढं आला, डोंगराच्या खाचेकडं बघितलं, गावच्या मिनाराकडं बघितलं, सहा पावलं उत्तरेला सरकला आणि टाच रोवली. "ज्यानं चोरलं त्याला जागा कशी आठवेल? ज्याची गेली त्याला आठवते."

सुहैरनं कागदावर सही केली नाही. दोरी आणवली, चार खुंट्या ठोकल्या आणि स्वतःची थापी दंदरावीच्या हातात दिली. त्यानं ती तीन बोटांत धरली, तोलली आणि सगळ्यांकडं पाठ करून खाली बसला. पहिली खरड जरा वेडीवाकडी गेली. दुसरी सरळ. तिसऱ्या-चौथ्या खरडीला वाळू त्याच्या हाताखालून अशी निघायला लागली की पाठ करून उभा असलेला म्हाताराही वळून पाहायला लागला.

"टोपली," दंदरावी म्हणाला.

कुणी हललं नाही. गडी रईसाचे. रईसानं हुकूम दिल्याशिवाय टोपली उचलायची त्यांना सवय नव्हती, आणि आता रईस कोण हेच त्यांना कळेना. शाझलीनं मुंडासं वाळूत ठेवलं, बाजूची टोपली उचलली आणि खड्ड्याच्या कडेला नेऊन धरली. दंदरावीनं वर न बघता ती भरली. शाझलीनं ती खांद्यावर घेतली, लांब नेऊन ओतली आणि परत आला. रईसानं मातीची टोपली वाहायची नसते. शेवटची त्यानं तिशीच्या आत वाहिली असेल. पाचव्या फेरीला त्यानं खांदा बदलला.

दुपारच्या आत भिंत लागली. विटा भटारखान्याच्या विटांच्या दुप्पट रुंद, आणि भिंत चार विटा जाड, आतून चुन्यानं सारवलेली. सुहैर पोटावर आडवी पडून हातानं ती चाचपत होती. "राजाच्या घरच्या विटा," ती स्वतःशीच म्हणाली. "बाई गं, तू इथं होतीस होय." मग मान वर करून तिनं विचारलं, "नोंदीत शोधकर्ता म्हणून काय लिहू? दंदरावी कोण?"

"दंदरावी अब्दुल जलील," दंदरावी म्हणाला. "आणि तारीख आजची नको. सत्तावीस वर्षांपूर्वीची टाक. गुरुवार होता."

तिनं लिहिलं. शाझली भरलेली टोपली खांद्यावर घेऊन उभा होता, घामानं डोळे चुरचुरत होते. काल ज्याला माफी दिली होती त्याच्याकडं मागायला तोंड कुठलं आणायचं, ते त्याला कळत नव्हतं. तरी तो बोलला.

"दंदरावी, तू बुधवारी चाललास. जाण्याआधी मला माफ करशील?"

दंदरावीची थापी थांबली. त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं, शाझलीकडं, खांद्यावरच्या टोपलीकडं, उघड्या डोक्याकडं.

"जाणाऱ्यानं माफी मागून जायचं असतं, शाझली. देऊन गेलंच पाहिजे असं कुणी सांगितलं?" तो म्हणाला. "आधी ती माती टाकून ये. अजून पुष्कळ आहे."

शाझली माती टाकायला गेला.